पोलादी घड्याळांचे मोल

माझ्या वडिलांना १९७४ साली लग्नात सासऱ्यांकडून एक मनगटी घड्याळ मिळाले होते. घड्याळ एच. एम. टी.चे, रोज सकाळी चावी द्यावी लागणारे. त्याच्या पाठीवर आजोबांनी लग्नाची तारीख कोरून घेतली होती. वडील प्राथमिक शिक्षक. चांदवडच्या किल्ल्यावर मुलांची सहल घेऊन गेले असता पायऱ्यांवर त्यांचा पाय घसरला आणि घड्याळ कातळावर आपटले. तेव्हापासून काचेच्या कडेला एक खोल खोक होती. ती दाखवून वडील प्रत्येक वर्गाला त्या सहलीची गोष्ट सांगत.

वडील निवृत्त झाले तेव्हा मी एक शहाणपणा केला. त्यांना न सांगता ते घड्याळ एका कारागिराकडे दिले आणि बजावले, "अगदी नव्यासारखे करून द्या." आठ दिवसांनी घड्याळ आरशासारखे झळकत परत आले. खोक नाहीशी झालेली. तबकडी नव्याने रंगवलेली. पाठीवरची तारीखही घासून गेलेली! वडिलांनी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "छान झालंय रे. पण ओळखू येत नाही."

पुढे वर्षभरात त्या झळाळीखालून पिवळे डाग दिसू लागले. हे पिवळे काय, आणि पोलादाचे घड्याळ पिवळे कसे पडले, या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता मी जुन्या घड्याळांच्या नादी लागलो. मित्रांनो, जुनी घड्याळे जमवणे हा पैसेवाल्यांचा शौक आहे असे तुम्हांला वाटत असेल. परंतु या छंदात पैशापेक्षा पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रच अधिक उपयोगी पडते. ते कसे, हे आज पाहू.

चांदवडी रुपयाचा धडा

पहिला धडा मला घड्याळाने नव्हे, तर एका नाण्याने दिला. मराठेशाहीत आमच्या चांदवडला टांकसाळ होती. तिथे पाडलेले रुपये चांदवडी म्हणून ओळखले जात. त्यांच्यावर गावाचे जाफराबाद हे दुसरे नाव असे. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांकडे असे काही रुपये आहेत. माझी कहाणी ऐकून त्यांनी दोन नाणी पुढे ठेवली. एक काळवंडलेले, दुसरे लख्ख. "यांतले कोणते मोलाचे?" मी अर्थातच लख्ख नाणे उचलले. ते हसले. ते नाणे कोणीतरी चिंच लावून, राख घेऊन घासले होते. त्या घासण्याबरोबर अक्षरांच्या कडा गेल्या होत्या आणि चांदीवर वर्षानुवर्षे जमलेला सल्फाइडचा काळा थरही गेला होता. ते म्हणाले, "वस्तूवर काळ जे लिहितो, ते खोडले की उरते ती नुसती चांदी. ती सोनाराकडेही मिळते."

घड्याळांचे संग्राहक नेमके हेच सांगतात. जुन्या घड्याळाची किंमत त्याच्या झळाळीवर ठरत नाही. मूळ भाग किती शिल्लक आहेत, कडा किती धारदार आहेत, तबकडीला कोणी हात लावला आहे की नाही, यांवर ती ठरते.

सोन्याहून महाग पोलाद

संग्राहकांच्या जगात आज ज्या घड्याळांचा विशेष बोलबाला आहे, ती सोन्याची नाहीत. ती १९७० नंतरच्या दशकातली पोलादी घड्याळे आहेत. त्यांची कथा मोठी मौजेची आहे.

२५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने अ‍ॅस्ट्रॉन नावाचे मनगटी घड्याळ टोकियोत विक्रीस आणले. त्यात तोलचक्र नव्हते. क्वार्ट्‌झ या खनिजाचा एक चिमुकला स्फटिक विजेच्या साह्याने कंप पावत होता आणि वेळ मोजत होता. चावीच्या घड्याळापेक्षा ते कितीतरी अचूक चाले. हे तंत्र पुढे स्वस्त झाले आणि स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यावर कुऱ्हाड कोसळली. १९७०च्या सुमारास तिथे या धंद्यात ९० हजारांच्या आसपास माणसे होती. पुढच्या पंधराएक वर्षांत ती संख्या सुमारे ३० हजारांवर आली.

या पडझडीच्या सुरुवातीलाच, १९७२ साली, ओदेमार पिगे या जुन्या स्विस कंपनीने बाझेलच्या प्रदर्शनात रॉयल ओक नावाचे घड्याळ मांडले. त्याचा आराखडा जेराल्ड जेंटा या कलावंताचा. काचेभोवतीची कड अष्टकोनी, तिच्यावर आठ मळसूत्रे उघडी दिसणारी, पट्टाही पोलादी आणि पेटीला सलग जोडलेला. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून ही कल्पना सुचली असे जेंटा सांगत. आकार ३९ मिलिमीटर. त्या काळी हा फार मोठा समजला जाई. आणि किंमत? सोन्याच्या अनेक घड्याळांहून जास्त! लोकांनी नाके मुरडली. पण हळूहळू ते घड्याळ लोकांच्या मनात भरले. १९७६ साली पाटेक फिलिपने जेंटांकडूनच नॉटिलस करून घेतले. त्याचे रूप जहाजाच्या खिडकीसारखे. त्याच वर्षी आय. डब्ल्यू. सी.चे इंजेनिअर एस. एल. आले, तेही जेंटांचेच. १९७७ साली व्हाशेरों कोंस्तांतँचे २२२ आले. जेंटांचे स्वतःच्या मनगटावरचे रॉयल ओक २०२२ साली जिनीव्हात लिलावात निघाले, तेव्हा त्याला सुमारे २१ लाख स्विस फ्रँक मिळाले. पेटी पोलादाचीच, फक्त कड तेवढी त्यांनी सोन्याची करून घेतली होती.

आता प्रश्न असा, की पोलाद इतके महाग का पडावे? धातू म्हणून ते स्वस्तच आहे. महाग आहे ती त्यावरची मेहनत. सोने मऊ असते, हत्याराला चटकन वश होते. घड्याळात वापरतात ते निष्कलंक पोलाद चिवट असते आणि त्याचा एक खोडकर गुण आहे. हत्यार चालवावे तसे ते जास्तच कठीण होत जाते. रॉयल ओकचे पहिले नमुने पांढऱ्या सोन्यात घडवले गेले, कारण पोलादात तसले कोन काढणे अवघड होते. त्यात काही पृष्ठे रेघारेघांची आणि त्यांना लागून असलेल्या कडा आरशासारख्या. दोहोंमधली सीमारेषा सुरीच्या धारेसारखी हवी. म्हणूनच असे घड्याळ पुन्हा कुणी अडाणीपणाने घासले, की ती धार बोथट होते आणि घड्याळाचे मोल झपाट्याने उतरते.

एक मूलद्रव्य, तीन भूमिका

निष्कलंक पोलादाला गंज का चढत नाही? या पोलादात लोखंडाबरोबर निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर. हा पापुद्रा पाण्याला आणि हवेला आत जाऊ देत नाही. ओरखडा पडला तर उघडे पडलेले क्रोमियम पुन्हा ऑक्सिजन घेते आणि पापुद्रा आपोआप सांधला जातो. जखम स्वतःच भरून काढणारी ही जणू कातडीच! इंग्लंडमधील शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असे पोलाद बनवले. घामातील मिठाला तोंड देता यावे म्हणून घड्याळाच्या पोलादात क्रोमियम व निकेलच्या जोडीला थोडे मॉलिब्डेनमही घालतात.

क्रोमियमची दुसरी भूमिका मुलाम्याची. स्वस्त घड्याळांची पेटी पितळेची करून तिच्यावर आधी निकेलचा आणि मग क्रोमियमचा थर चढवत. निकेलचा थर काही मायक्रोमीटरांचा, तर क्रोमियमचा बहुधा एका मायक्रोमीटरहूनही कमी. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो हे ध्यानात घ्या. फिरत्या चाकावर पेटी थोडी जास्त वेळ धरली, की हा सगळा थर उडून जाणार आणि खालचे पितळ बाहेर येणार.

माझ्या वडिलांच्या घड्याळाचे हेच झाले होते. पाठीवर इंग्रजीत 'स्टेनलेस स्टील बॅक' असे छापलेले होते. मी ते वाचून सगळे घड्याळ पोलादी समजलो. वास्तविक ती अक्षरे प्रामाणिकपणे सांगत होती, की पोलादी आहे ती फक्त पाठ! जुने घड्याळ हाती आले, की ही ओळ नीट वाचावी. पट्टा अडकवण्याच्या दांड्यांजवळची टोके भिंगातून पाहावीत. तिथे सर्वांत जास्त घर्षण होते. पिवळी झाक दिसली तर आत पितळ आहे. पोलाद मात्र कितीही झिजले तरी आरपार पांढरेच.

तिसरी भूमिका घड्याळाच्या पोटातली. तबकडीवर '१७ ज्युवेल्स' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. ही रत्ने म्हणजे कृत्रिम माणके. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडात क्रोमियमचा अंश मिसळला, की ते माणकासारखे लाल होते. ते ज्वाळेत वितळवून स्फटिक वाढवण्याची रीत फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी १९०२ साली जाहीर केली. माणिक फार कठीण, म्हणून चक्रांचे आस त्याच्या भोकांत फिरले तरी झीज अगदी कमी. बाहेर चकाकी, अंगात टिकाऊपणा आणि पोटात लाली: तिन्ही एकाच मूलद्रव्याची करणी!

आपल्याकडची घड्याळे

रॉयल ओकसारखी घड्याळे त्या काळी आपल्या गावांत कोणी पाहिलीही नसतील. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती आणि तस्करीने आलेली घड्याळे पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत. तरीही मुंबईचे स्विस घड्याळांशी नाते जुने आहे. फाव्र-ल्यूबा या कंपनीचा मुंबईशी व्यापार १८६५ पासूनचा. याच कंपनीने १९६२ साली बिव्हूॲक हे घड्याळ काढले. त्यात चक्क वायुभारमापक होता. डोंगर चढताना हवेचा दाब साधारण दर नऊ मीटरला एक मिलिबार उतरतो. तेव्हा पायथ्यापासून २७० मीटर चढून गेलो, तर दाबात सुमारे ३० मिलिबारांचा फरक पडेल. घड्याळातील निर्वात डबी त्या फरकाने किंचित फुगते आणि काटा उंची दाखवतो. १९६८ सालच्या बॅथी या घड्याळात पाण्याच्या दाबावरून खोली दाखवण्याची सोय होती. साहसी लोकांसाठी बनवलेली ही यंत्रे. आज संग्राहक ती आवडीने शोधतात.

सामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ चढवले ते मात्र एच. एम. टी.ने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला १९६१ साली कारखाना निघाला. जनता, पायलट ही नावे घरोघरी झाली. मागणी इतकी, की घड्याळासाठी नंबर लावावा लागे. लग्नात जावयाला एच. एम. टी. देणे म्हणजे मोठा मान. पुढे क्वार्ट्‌झ घड्याळांची लाट इथेही आली. १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली आणि एच. एम. टी. मागे पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर या साध्या घड्याळांचेही संग्राहक वाढले. तेव्हा घरातल्या कपाटात एखादी जनता पडून असेल तर तिला भंगार समजू नका.

टिकटिक मोजू या

चावीच्या घड्याळाचे हृदय म्हणजे तोलचक्र आणि त्याला जोडलेली केसासारखी बारीक कमान. चक्र एकदा इकडे, एकदा तिकडे फिरते आणि दर फेरीला एक टिक होते. जनता घड्याळात ताशी १८,००० टिका होतात, म्हणजे सेकंदाला ५. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा दिवसाला ४,३२,००० टिका झाल्या! असे घड्याळ दिवसाला ३० सेकंद चुकले तर आपण त्याला नावे ठेवतो. पण ३० भागिले ८६,४०० म्हणजे २,८८० भागांत एका भागाची चूक. शाळेतल्या प्रयोगात एवढी अचूकता आपल्यापैकी किती जणांना साधते?

क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हाच आकडा का? २ चा १५वा घात करून पाहा. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलो, की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. निम्मे करणे हे विद्युत-मंडलाला अगदी सोपे काम आहे.

जुने घड्याळ अचानक तासाला कित्येक मिनिटे पुढे जाऊ लागले, तर बिघाडापूर्वी चुंबकत्वाचा संशय घ्यावा. कमानीची वेटोळी चुंबकित होऊन एकमेकांना चिकटतात, कमान जणू आखूड होते आणि चक्र भराभर फिरते. यावर उपाय म्हणून इंजेनिअरमध्ये यंत्राभोवती मऊ लोखंडाची आतली डबी असे. चुंबकीय रेषा त्या लोखंडातून वळसा घालून जातात आणि यंत्र सुरक्षित राहते. ८०,००० अँपिअर प्रतिमीटर इतके क्षेत्र ते सोसते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दोन हजार पटींहून हे अधिक आहे.

खरे-खोटे ओळखताना

जुन्या घड्याळांच्या बाजारात फसवणूक पुष्कळ. जुन्या पेटीत दुसऱ्याच घड्याळाचे यंत्र घालायचे, तबकडी भडक रंगात रंगवायची आणि 'जुने पण नवे' म्हणून विकायचे, हा धंदा आपल्याकडे इतका चालला, की परदेशी संग्राहक असल्या घड्याळांना मुंबईचेच नाव लावतात! आपल्याला खाली मान घालायला लावणारी ही गोष्ट आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ असले तर फसवणूक बरीच टळते. छापील अक्षरांच्या कडा फुटलेल्या आहेत का? मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का? पेटी झिजलेली आणि तबकडी कोरी करकरीत, असे विजोड आहे का? खऱ्या वस्तूचे सगळे भाग बरोबरीने म्हातारे होतात.

एक धोक्याची सूचना. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांवर पूर्वी रेडियमचा रंग लावत. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे. चमक विझली तरी किरणोत्सार तसाच असतो. विझतो तो फक्त रंगातला चमकणारा पदार्थ. असा रंग कधीही खरवडू नये आणि असले घड्याळ हौसेने उघडू नये. त्याची धूळ पोटात गेली तर घातक. पुढे रेडियमऐवजी ट्रिटियम वापरू लागले. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. १९७४च्या घड्याळातील ट्रिटियम २०२३ पर्यंत चार वेळा निम्मे होऊन सोळाव्या हिश्शावर आले. तबकडीच्या तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंस इंग्रजी टी हे अक्षर असेल, तर तो रंग ट्रिटियमचा समजावा.

तसेच '१२० मीटर' असे लिहिलेले जुने घड्याळ पाण्यात घालू नका. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तो सोसणारी रबराची कडी पन्नास वर्षांत कडक होऊन तडकलेली असते.

करून पाहा

१. घरातील स्टीलची भांडी, चमचे, सुऱ्या यांना चुंबक लावा. काही चिकटतील, काही नाही. निकेल पुरेसे असलेले पोलाद सहसा चिकटत नाही. घड्याळाला मात्र चुंबक लावू नका!

२. चावीचे घड्याळ होकायंत्राजवळ आणा. सुई थरथरली तर कमान चुंबकित झाली असावी.

३. भ्रमणध्वनीवर टिकटिक ध्वनिमुद्रित करा आणि ती सावकाश लावून दहा सेकंदांतील टिका मोजा. सेकंदाला ५ येतात, ६ येतात की ८?

४. झिजलेले नाणे अंधाऱ्या खोलीत ठेवा. विजेरीचा प्रकाश वरून न टाकता अगदी आडवा, पृष्ठभागाला घासून जाईल असा टाका. बारीक उंचवट्यांच्याही लांब सावल्या पडतात आणि न दिसणारी अक्षरे उठून दिसतात.

हा चौथा प्रयोग मला त्या चांदवडी रुपयांच्या मालकांनी शिकवला. वडील गेल्यानंतर एका रात्री मी त्यांचे घड्याळ काढले, पालथे ठेवले आणि विजेरी आडवी धरली. कडेची खोक गेली ती कायमची. पण पाठ पोलादाची होती. चाकाला तिने सहज दाद दिली नव्हती. हळूहळू विजेरी फिरवत गेलो. एका कोनात पुसट रेघा उमटल्या. आधी महिना दिसला, मग साल: १९७४.

ते घड्याळ मी पुन्हा कोणाकडे उजळायला दिलेले नाही. पिवळे डाग आहेत तसेच आहेत. रोज सकाळी चावी देतो. दिवसाला चाळीसएक सेकंद मागे पडते. पडू दे.